लाकडावर घरही तापवायचं आणि पाणीही: एकच बुखारी की दोन आगी?

कडेकपारी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमचं घर उतारावर आहे. विजेची तार तिथवर आलेली नाही आणि येणारही नाही. सौर पॅनलवर दिवे, फोन आणि एक छोटा पंप एवढंच चालतं. त्यामुळे ऊब आणि गरम पाणी दोन्हीची भिस्त लाकडावर. लाकूड स्वतःच्याच जागेतलं, पडलेल्या नि वाळलेल्या झाडांचं. घरात आम्ही दोघं, मुलगी आणि माझी आई. दोन खोल्या, स्वयंपाकघर, दगडी भिंती. थंडीत पहाटे बाहेरच्या बादलीवर बर्फाची साय धरलेली असते.

सध्या मधल्या खोलीत धुराडं असलेली साधी लोखंडी बुखारी आहे आणि पाणी पडवीत बंबावर तापतं. आईचे गुडघे सकाळी आखडलेले असतात, उठल्याउठल्या तिला गरम पाणी लागतं. त्यासाठी मी पाचला उठून बंब पेटवते. आत बुखारी रात्रभर धुमसत असतेच, मग तिच्यातच तांब्याची कॉइल घालून २०० लिटरची टाकी का तापवू नये? नवऱ्याचं म्हणणं, एका आगीवर दोन कामं टाकली की दोन्ही अर्धवट राहतात.

ज्यांनी असं काही केलंय त्यांनी अनुभव सांगा. फसलं असेल तर तेही सांगा.

अंगार

वाचतोय. आमचंही हेच चाललंय.

शेकोटी

तुमच्या यजमानांच्या बाजूने माझं एक मत.

आम्ही कॉइल घातली होती आणि तीन वर्षांनी काढली. कारण साधं आहे. कॉइलमध्ये गार पाणी असतं, ती जाळात बसली की जाळ तिथे विझल्यासारखा होतो. काच काळी, धुराडं काळं, आणि कॉइलवर डांबरासारखा चिकट थर. तो थर खरवडायला दर पंधरवड्याला हात घालावा लागे. शिवाय उन्हाळ्याचं काय? आंघोळीच्या पाण्यासाठी भर उन्हाळ्यात मधल्या खोलीत बुखारी पेटवणार का?

बंबाला कमी लेखू नका. मधून आगीची नळी, सभोवती पाणी, वर तोंड उघडं. दाब चढायचा प्रश्नच नाही. काटक्या, चिपाडं, सालीचे तुकडे, बुखारीत घालायच्या लायकीचं नाही ते सगळं त्यात खपतं.

धग

मी अकरा हिवाळे बुखारीवरच पाणी तापवतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेकोटी यांचा अनुभव खरा आहे, पण दोष जागेचा आहे. कॉइल जाळाच्या मधोमध घालायची नाही. लाकडातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग तापल्यावर वायू होऊन बाहेर पडतो आणि तो वायू नीट जळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. तिथेच गार तांबं ठेवलं की वायू न जळता पुढे जातो आणि धुराड्यात जाऊन चिकटतो. माझ्याकडे पाणी भट्टीच्या मागच्या भिंतीत आहे, विटांच्या वरच्या टोकाला, म्हणजे जाळ पूर्ण झाल्यावर धूर जिथून वळतो तिथे. पाणी थोडं कमी तापतं, आग मात्र आग राहते.

पंप लावू नका. थर्मोसायफनवर चालवा. गरम पाणी हलकं होऊन वर जातं, गार पाणी जड होऊन खाली येतं, एवढ्यावर सगळा खेळ. त्याच्या अटी मात्र कडक आहेत. टाकी बुखारीपेक्षा वर हवी. गरम पाण्याचा पाइप बुखारीपासून टाकीपर्यंत सतत चढता हवा, बोटभरसुद्धा खोलगट जागा नको, नाहीतर तिथे हवा अडकते आणि फिरणं थांबतं. पाइप जाड घ्या, मी २८ मिमीचा घेतला. काटकोनी एल्बो टाळून लांब वळणं द्या. टाकी वर असण्याचा दुसरा फायदा असा की रात्री आग विझल्यावर गार पाणी खाली बुखारीतच बसून राहतं आणि वरचं गरम पाणी उलटं फिरून थंड होत नाही.

संध्याकाळी बुखारी पेटली की मी दोन्ही पाइपांना हात लावून बघतो. वरच्याला हात ठेववत नाही, खालचा नुसता कोमट. दहाच्या सुमारास खालचाही वरच्याइतकाच तापलेला लागला की समजायचं, टाकी तळापर्यंत भरली. थर्मामीटर आहे, पण सवय हातालाच.

ठिणगी

मी वेल्डिंगचं काम करतो. ताई, कॉइल कुठे बसवायची ते नंतर बघा, आधी हे वाचा.

आगीला लागलेलं पाणी कधीही, कुठल्याही कारणाने, बंद करायचं नाही. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती साध्या दाबाला सोळाशे लिटरच्या वर जागा मागते. ती जागा मिळाली नाही तर बुखारी, टाकी, भिंत, जे कमकुवत असेल ते फुटतं. आणि फुटताना आतलं उकळबिंदूच्या वर तापलेलं पाणी एका झटक्यात वाफ होतं. तेव्हा समोर उभा असलेला माणूस वाचत नाही.

मी शिकाऊ असताना एका घरी आम्ही असं काम केलं होतं. घरमालक म्हणाले, दुरुस्तीला सोयीचं पडेल, दोन्ही पाइपांवर व्हॉल्व्ह बसवा. उस्तादांनी बसवले, मी पाने धरून शेजारी उभा. दोन महिन्यांनी टाकी धुवायला कुणीतरी दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले आणि उघडायचे राहिले. संध्याकाळी बुखारी पेटली. पाइप आतून हातोडा मारल्यासारखे ठोकू लागले. त्या घरातल्या आजींनी आवाज ओळखला, सगळ्यांना बाहेर काढलं, आणि मुलाने लांब दांड्याच्या फावड्याने निखारे अंगणात ओढले. कुणाला इजा झाली नाही. मी तेव्हापासून बुखारी आणि टाकी यांच्यामध्ये व्हॉल्व्ह बसवलेला नाही, गिऱ्हाईक कितीही अडून बसलं तरी.

टाकीच्या सगळ्यात वरच्या बिंदूतून एक उघडा पाइप सरळ वर, भरणाऱ्या टाकीच्या (गरम टाकीला गार पाणी पुरवणाऱ्या वरच्या टाकीच्या) पातळीच्या वरपर्यंत न्यायचा. त्यावर काहीही बसवायचं नाही. बंद दाबाची पद्धत ज्याला करायचीच आहे त्याने दाब सोडणारा व्हॉल्व्ह, तापमानावर उघडणारा व्हॉल्व्ह, प्रसरण टाकी हे सगळं जाणकाराकडून बसवून घ्यावं. वीज नसलेल्या घरात माझं मत स्पष्ट आहे: उघडीच पद्धत.

रानपाखरू

बाप रे. @ठिणगी दादा, मग पाइप गळायला लागला तर काय करायचं? व्हॉल्व्ह नाही म्हटल्यावर?

ठिणगी

आग विझवायची, गार होऊ द्यायची, सगळ्यात खालच्या तोटीने पाणी काढायचं, मग दुरुस्ती. अर्धा दिवस जातो. जाऊ दे.

गणिती

थोडा हिशेब मांडतो, म्हणजे चर्चा जमिनीवर राहील.

२०० लिटर पाणी १५ अंशांवरून ५५ वर न्यायला साधारण साडेनऊ युनिट उष्णता लागते (इथे युनिट म्हणजे विजेच्या मीटरवरचंच, किलोवॅट-तास). नीट वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे ४ युनिट असतात. त्यातली निम्मी पाण्यापर्यंत पोचली असं धरलं तर पाच किलो लाकूड झालं.

आता घर. दगडी भिंती, वर पत्रा किंवा कौलं असतील तर थंडीच्या रात्री ताशी ४ युनिट सहज निघून जातात. चौदा तासांचे ५६. बुखारी सत्तर टक्के कार्यक्षम धरली तरी वीस किलो लाकूड.

म्हणजे पाण्याचा खर्च घराच्या चौथ्या हिश्श्याएवढा. कडेकपारी ताई, तुम्ही पाण्याची चिंता करताय, पण तुमचं सरपण खरं तर छतातून जातंय. आधी छताखाली जाडसर थर घाला, खिडक्या-दारांच्या फटी बुजवा, मग बुखारीचा आकार ठरवा. उलट क्रमाने केलंत तर गरजेपेक्षा मोठी बुखारी घ्याल आणि मग ती कायम दाबून, गुदमरवून जाळत बसाल.

ओंडका

गणिती यांनी 'नीट वाळलेलं' हे दोन शब्द सहज लिहून टाकले. माझ्या मते सगळा धागा त्या दोन शब्दांवर उभा आहे.

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणी असू शकतं. ते २० टक्क्यांच्या खाली आलं पाहिजे. मूठभर पैलू आहेत, पण मी फोडण्यावरच बोलतो, कारण चूक तिथे होते. लोक ओंडके अख्खे रचतात आणि दोन वर्षांनी म्हणतात, वाळलं. वाळत नाही. साल म्हणजे झाडाचा रेनकोट. पाणी रेषांच्या दिशेने टोकांतून लवकर निघतं, बाजूने फार सावकाश. म्हणून आधी बुखारीच्या मापाने कापायचं, मग पाचर मारून मनगटाएवढं फोडायचं, मग रचायचं. जमिनीपासून वीतभर वर, वाऱ्याच्या वाटेत, फक्त माथा झाकून. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आत बुरशी येते. बारीक फाटे एका उन्हाळ्यात होतात, जाड जड लाकडाला दोन लागतात.

ओळखायचं कसं? दोन ढलपे एकमेकांवर आपटा. ओलं लाकूड 'थप्प' बोलतं, वाळलेलं 'टण्ण'. टोकाला चांदणीसारख्या चिरा दिसतात, साल नखाने सुटते. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पण त्याच्या सुया बाहेरच्या बाजूला टोचू नका. ढलपा तिथेच फोडा आणि आतल्या ताज्या अंगाला टोचा. बाहेर १४ दाखवणारं लाकूड आत २८ निघालेलं मी पाहिलंय.

गणिती

@ओंडका, मान्य. पण एक गंमत आहे. ओल्या लाकडातलं पाणी उडवायला लागणारी उष्णता मोजली तर ती एकूण उष्णतेच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढीच भरते. मग ओलं लाकूड इतकं निकामी का?

ओंडका

कारण तुम्ही पाणी मोजलंत, आग नाही मोजली. पाणी उडत असताना लाकडाचा पृष्ठभाग शंभराच्या वर सरकतच नाही. भट्टी तापत नाही, वायू पेट घेत नाहीत, आणि वर धग यांनी लिहिलंय तसे ते न जळता धुराड्यात जातात. सातवा हिस्सा पाणी खातं, उरलेलं धूर खातो.

गणिती

पटलं. हिशेबात ही बाजू धरलीच नव्हती. धन्यवाद.

पानगळ

सगळ्यांच्या उत्साहावर पाणी टाकायचं नाही, पण हा धूर जातो कुठे? लाकडाच्या धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसात खोल शिरतात. 'नैसर्गिक इंधन' म्हणून आपण त्याला सूट देतो. शक्य असेल तिथे ऊन वापरा. पाणी तापवायला सौर तापकासारखं दुसरं काही नाही, त्याला वीजही लागत नाही. लाकूड फक्त ढगाळ दिवसांसाठी आणि थंडीसाठी ठेवा.

धग

@पानगळ, यात विरोध कशाला? तुमचं बरोबरच आहे. माझ्या टाकीला दोन कॉइल आहेत, तळाला सौर तापकाची, वर बुखारीची. उन्हाळ्यात बुखारी चार-पाच महिने थंडगार असते. शेकोटी यांच्या उन्हाळ्याच्या प्रश्नालाही हेच उत्तर.

धुराबद्दल एवढंच म्हणेन की बाहेर जाऊन धुराड्याकडे बघावं. पेटवल्यानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटं सोडली तर धूर दिसताच कामा नये. निळसर-करडा धूर दिसतोय म्हणजे लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी आहे.

पानगळ

आणि रात्री हवेची झडप बंद करून ठेवतात तेव्हा? धाग्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय, 'रात्रभर धुमसत असते'.

मातीवाली

पानगळने नेमकं बोट ठेवलं. मीही तिथेच अडले होते.

कडेकपारी, रात्रभर धुमसणारी बुखारी ही तुझ्या सगळ्या अडचणींची जननी आहे. आग रात्रभर पुरवायच्या नादात आपण झडप आवळतो, आग घुसमटते, निम्मं लाकूड वायुरूपाने वाया जातं, धुराड्याच्या आत क्रिओसोटचा, म्हणजे न जळलेल्या धुराचा डांबरासारखा, थर चढतो. तो थर एखाद्या दिवशी पेट घेतो तेव्हा धुराड्यात हजार अंशांच्या वर तापमान जातं, आणि घुंई असा विमानासारखा आवाज येतो. मी तो ऐकलाय. पुन्हा ऐकायचा नाही.

याचं जुनं उत्तर आहे: आग थोडा वेळ, पण कडक. आणि तिची ऊब साठवून ठेवायला काहीतरी जड. रोमन लोक जमिनीखालून धूर खेळवत, कोरियात ओंडोलमध्ये आजही फरशीखालून ऊब येते, फिनलंड-रशियाकडे विटांच्या भल्या मोठ्या भट्ट्या असतात. त्यात दीड-दोन तास खच्चून जाळ करायचा, धूर विटांच्या वाकड्यातिकड्या वाटांतून फिरवून मग धुराड्यात सोडायचा. निखारे पूर्ण विझले की धुराड्याची झडप लावायची. विटा पुढचे बारा ते चोवीस तास ऊब देत राहतात.

माझ्याकडे त्याचाच गरिबाघरचा अवतार आहे, रॉकेट भट्टी आणि तिला जोडलेला मातीचा ओटा. रॉकेट चुलीची मूळ कल्पना लॅरी विनियार्स्की यांची, १९८२ सालची. आतल्या उभ्या नळीला बाहेरून उष्णतारोधक थर द्यायचा, म्हणजे आग तिथे इतकी तापते की धूर जवळपास उरत नाही. मग तो गरम वायू आडव्या नळीने ओट्याच्या पोटातून न्यायचा. संध्याकाळी दोन तास काटक्या सारत बसते, सकाळी सहा वाजता ओट्यावरची गोधडी उबदार असते. मुलांच्या शाळेच्या चपला रात्री त्याच ओट्यावर वाळतात.

रानपाखरू

आमच्याकडे असा ओटा झाला तर मांजर त्यावरून खाली उतरणारच नाही, आणि तिला उठवायची आमच्यात कुणाची हिंमत नाही!

मातीवाली

मांजर बसतं तिथेच ओटा सगळ्यात गरम असतो. माझ्या ओट्यातली नळी कुठे राखेने बुजतेय ते मला मांजराने जागा बदलल्यावर कळलं, खरंच.

अंगार

रॉकेट भट्टीच्या उभ्या नळीतच कॉइल गुंडाळली तर? तिथे तर सगळ्यात जास्त तापतं.

ठिणगी

नको! तिथे पाणी क्षणात उकळतं. आणि त्या नळीतली उष्णता काढली की ओढच संपते, धूर खोलीत येतो. पाणी घ्यायचंच असेल तर त्या उभ्या नळीवर पालथा घातलेल्या ड्रमच्या बाहेरून किंवा पुढच्या गार टप्प्यावरून घ्या, तेही उघड्या भांड्यात.

गणिती

साठवणीचा हिशेब: एक टन विटा ५० अंशांनी तापवल्या तर साधारण १२ युनिट साठतात. एक टन पाणी तेवढंच तापवलं तर ५८. म्हणजे पाणी विटांच्या पाचपट.

मातीवाली

हो, पण विटा गळत नाहीत, गोठत नाहीत, उकळत नाहीत, आणि शंभराच्या पुढेही तापतात. मी पाण्याच्या विरोधात नाही, पण खोली तापवायला मला माती बरी वाटते.

नाडी

मी पेशाने डॉक्टर आहे. दोन गोष्टी सांगतो, त्यातली पहिली जास्त महत्त्वाची.

एक, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतो. आणि तो सगळ्यात जास्त होतो तो ज्वाळा संपून नुसते निखारे उरतात तेव्हा. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो, धुराड्याची झडप पूर्ण लावतो आणि झोपतो. लाल निखारा दिसतोय तोवर धुराड्याची झडप पूर्ण बंद करायची नाही. मातीवाली यांनी 'निखारे पूर्ण विझले की' लिहिलंय ते शब्दशः घ्या. हा वायू ओळखून आवाज करणारा, बॅटरीवर चालणारा सूचक झोपायच्या खोलीत लावा. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखतंय, मळमळतंय, तर सर्दी समजू नका. आधी सगळ्यांनी बाहेर पडा, मग बाकीचं.

दोन, टाकीतलं पाणी. २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. त्या पाण्याचे बारीक तुषार श्वासात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो, वयस्कर माणसांना धोका अधिक. म्हणून टाकीत पाणी ६० अंशांपर्यंत न्यावं, कोमट ठेवून वापरत राहू नये. पण साठ अंशांचं पाणी पाच सेकंदांत गंभीर भाजतं. तेव्हा न्हाणीघरात नळाआधी गरम-गार मिसळणारा व्हॉल्व्ह हवाच. आईंसाठी विशेष करून, कारण म्हाताऱ्या माणसाचा हात पटकन मागे येत नाही.

शेकोटी

नाडी यांचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवता येईल का?

रानपाखरू

+१. आजच सूचकाची बॅटरी तपासली, संपलेली निघाली. आभार.

अंगार

बुखारी ते टाकी प्लास्टिकचा पाइप चालेल का? गरम पाण्याचा मिळतो तो?

ठिणगी

बुखारीपासून पहिला दीड मीटर तरी धातूच हवा. मी तर अख्खं वर्तुळ तांब्याचंच करतो. आणि तांब्याच्या वर्तुळाला जस्त चढवलेली लोखंडी टाकी जोडू नका, तांबं जस्ताला खातं, टाकी काही वर्षांत आतून गंजते. तांबं किंवा स्टेनलेस स्टील घ्या.

पाणी क्षाराचं असेल तर आणखी एक. रोज नवं पाणी बुखारीतून फिरवलं की पाइपात पांढरे थर बसतात. त्यापेक्षा बुखारीचं पाणी वेगळं ठेवा. तेच ते पाणी बुखारीतून टाकीतल्या कॉइलमध्ये फिरेल आणि वापरायचं पाणी कॉइलच्या बाहेर राहील. तेच पाणी फिरत राहिलं की क्षार एकदाच काय तो बसतो.

शेकोटी

मी अजूनही म्हणते, बंब मोडीत काढू नका. एवढं सगळं नीट होईपर्यंत आई गरम पाण्यावाचून राहतील का?

कडेकपारी

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हे प्रतिसाद रोज संध्याकाळी आईला वाचून दाखवते. नवऱ्याने ठिणगी दादांचा प्रतिसाद वाचला आणि आमच्या आराखड्यातले दोन्ही व्हॉल्व्ह पेनाने खोडले.

मला कळलं ते असं: आमचं पहिलं काम छत. ते या महिन्यात करतोय, कौलांखाली रॉकवूल (ऊब अडवणारी दगडी लोकर). दुसरं, रात्रभर धुमसवणं बंद. कालपासून प्रयोग सुरू केलाय. संध्याकाळी सहा ते नऊ झडप उघडी ठेवून फोडलेलं बारीक लाकूड कडक जाळलं, मग निखाऱ्यावर सोडून दिलं. पहिल्याच रात्री बुखारीची काच सकाळी स्वच्छ होती. इतकी वर्षं ती काळीच असते असं मी धरून चालले होते. पहाटे खोली मात्र गारठली, कारण ऊब धरायला काही नाही.

मग माझा प्रश्न बदललाय. बुखारीच्या मागे विटांची भिंत उभी करावी की थेट मातीवालीसारखा ओटा? आणि पाणी धग यांच्यासारखं मागच्या बाजूने घ्यावं का?

मातीवाली

बुखारी चांगली असेल तर ती मोडू नकोस. तिच्या मागे नि दोन्ही बाजूंना भरीव विटांची भिंत बांध, बुखारीपासून वीतभर लांब, खाली-वर हवा खेळेल अशी. पण आधी जमीन बघ. टनभर वजन लाकडी फळ्यांच्या जमिनीवर टाकायचं नसतं, खाली पाया हवा. ओट्याचं पुढच्या वर्षी बघू, तेव्हा मी स्वतः यायला तयार आहे.

धग

पाणी मागून घ्या, हो. आईंच्या सकाळच्या पाण्याचं कोडं त्यातच सुटतं. गरम पाणी टाकीच्या माथ्यावर गोळा होतं आणि गार तळाशी राहतं, दोन्ही सहज मिसळत नाहीत. नळाचं पाणी माथ्यावरून घेतलं तर टाकी अर्धीच तापली असली तरी पहाटे पहिली बादली कडक मिळेल. टाकीभोवती किमान १०० मिमी रॉकवूल गुंडाळा. नऊला आग विझली तरी सकाळी सहाला पाणी अंघोळीजोगं असतं.

शेकोटी म्हणतात तसं बंब ठेवाच. सौर तापक येईपर्यंत उन्हाळा त्याच्यावर निघेल.

ओंडका

पुढच्या वर्षीचं लाकूड आत्ताच फोडायला घ्या. पुढच्या वर्षी नाही.

कडेकपारी

(तीन महिन्यांनी)

परत आले. छत झालं, विटांची भिंत झाली, टाकी माळ्यावर चढली. ओळखीच्या कारागिराकडून बुखारीच्या पाठीत पाण्याची पेटी बसवून घेतली. मधे व्हॉल्व्ह नाही, वर उघडा पाइप छताबाहेर.

पहिल्या दिवशी पाणी फिरेचना. वरचा पाइप चटका बसेल असा आणि टाकी गार. धग यांचं 'सतत चढता' आठवलं. मुलीने पाइपावर गोटी ठेवून बघितली, तर माळ्याच्या तोंडाशी गोटी उलट्या दिशेने घरंगळली. जेमतेम दोन बोटांचा खोलगा होता. आग काढली, पाइप उचलून आधार बदलला, पुन्हा पेटवलं. अर्ध्या तासात माळ्यावरून नवऱ्याची हाक आली, 'तापली गं!'

लाकूड गेल्या वर्षीपेक्षा बरंच कमी लागतंय, वखारीतल्या रांगा मोजल्या तर साधारण एक तृतीयांश वाचलंय. यातलं छतामुळे किती नि बाकीचं कशामुळे ते मला वेगळं काढता येत नाही. आई सकाळी स्वतः उठून नळ सोडते. मी साडेसहापर्यंत झोपते.

एक शंका उरली आहे. उघडा पाइप छताबाहेर हातभर गेलाय. परवा फार गारठा होता तेव्हा त्याच्या तोंडाशी बर्फ दिसला. हे चालतं का?

ठिणगी

ताई, अजिबात नाही. आज बुखारी पेटवू नका. तो पाइप गोठून बंद झाला तर तुमची उघडी पद्धत बंद पद्धत झाली. वाफेचा दव आत साचत जातो नि तोंड बुजतं. पाइप छताबाहेर नेऊच नका. माळ्यावरच भरणाऱ्या टाकीच्या वर आणून तोंड टाकीत खाली वळवा, म्हणजे पाणी उसळलं तरी टाकीतच पडेल. माळ्यावरच्या दोन्ही पाइपांना आणि भरणाऱ्या टाकीला रॉकवूल गुंडाळा. आणि बरेच दिवस घर बंद ठेवून परत याल तेव्हा पेटवण्याआधी भरणाऱ्या टाकीत पाणी आहे, गोठलेलं नाही, आणि खालच्या तोटीतून पाणी वाहतंय, एवढं बघितल्याशिवाय काडी ओढू नका.

कडेकपारी

नवरा आत्ता माळ्यावर चढलाय. आज पाणी बंबावर.